आंदणातल्या मुंबईचं मूळ घर

मुंबई इंग्रजांना आंदणात मिळाली, हे आपण सगळ्याजणी शाळेत शिकलोय. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा हिचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं, १६६१ मध्ये करार झाला आणि मुंबई बेट नवरदेवाच्या पदरात पडलं. त्याला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊनही टाकलं. एका मार्काचा प्रश्न असायचा परीक्षेत. पण हे ब्रागांझा म्हणजे कोण, हे काही कुणी सांगितलं नाही. मैत्रिणींनो, ते एक घराणं आहे, आणि त्याचा मूळपुरुष होता एका राजाचा लग्नाआधीचा मुलगा. आज त्या राजाची आणि त्याच्या घराची गोष्ट.

राजाचं नाव जुआंव पहिला. गोव्याकडच्या मैत्रिणींना हे नाव नवं नाही, इंग्रजीत त्याचाच जॉन होतो. जन्म लिस्बनचा, ११ एप्रिल १३५७. वडील पेद्रो, म्हणजे पोर्तुगालच्या गादीचे वारस. आई तेरेसा लोरेंसू, राणीबिणी नव्हे. आपल्याकडे पेशवाईत ज्यांना लेकावळे म्हणत, त्यातलाच हा. वडिलांची खरी प्रीती इनेस द कास्त्रो नावाच्या स्त्रीवर होती आणि तिला तिच्या सासऱ्याने, म्हणजे आधीच्या राजाने, १३५५ मध्ये मारवलं होतं. पोर्तुगालमध्ये ती प्रेमकथा आजही घराघरात माहीत आहे. तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी जन्मलेल्या या मुलाकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. सहा-सात वर्षांचा झाल्यावर त्याला अवीझ नावाच्या लढवय्या साधूंच्या संघाचा प्रमुख करून टाकलं. म्हणजे पोटापाण्याची सोय झाली, मान मिळाला, आणि ब्रह्मचर्याचं व्रत असल्यामुळे वारसाहक्काची कटकटही मिटली. निदान मोठ्यांना तसं वाटलं.

व्रत काही पाळलं गेलं नाही. इनेस पिरेस या स्त्रीपासून त्याला दोन मुलं झाली, आफोन्सो आणि बियात्रिस. हा आफोन्सो लक्षात ठेवा.

गादीवर तेव्हा जुआंवचा सावत्र भाऊ फर्नांदो होता. त्याची राणी लिओनोर तेलेश. ती आधीच दुसऱ्याची बायको होती, ते लग्न मोडून राजाने तिच्याशी लग्न केलं म्हणून लिस्बनचे लोक चिडले होते. त्या काळच्या बखरींमध्ये या बाईइतकं वाईट कुणाबद्दलच लिहिलेलं नाही. कपटी, चवचाल, राज्यबुडवी, सगळी विशेषणं तिच्या वाट्याला आली. ती काही साधी होती असं मी म्हणत नाही. पण ती बखर लिहिणारा फर्नांव लोपेस जुआंवच्या मुलाच्या पगारावर होता, एवढं ध्यानात ठेवून ती वाचावी. जिंकलेल्या पक्षाच्या कागदात हरलेली बाई चांगली निघाल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

फर्नांदोला एकुलती एक मुलगी, तिचंही नाव बियात्रिस. १३८३ च्या मे महिन्यात वयाच्या दहाव्या वर्षी तिला शेजारच्या कास्तिलच्या राजाला दिली. नवरा बिजवर, दोन मुलांचा बाप. पाच महिन्यांनी तिचे वडील वारले आणि आता पोर्तुगाल कास्तिलच्या घशात जाणार, अशी लोकांची खात्री झाली. राज्यकारभार लिओनोर पाहू लागली. तिच्याजवळ आंदैरू नावाचा एक सरदार होता आणि दोघांचे संबंध आहेत, अशी कुजबुज सगळ्या शहरात होती.

६ डिसेंबर १३८३. जुआंव राजवाड्यात शिरला आणि त्याने आंदैरूला संपवलं. त्याच वेळी त्याचा एक पोरगेला सेवक घोड्यावरून लिस्बनच्या गल्ल्यांमधून ओरडत सुटला, की राजवाड्यात आपल्या जुआंवला मारतायत, धावा. आरोळी ठरवूनच मारलेली होती. शिंपी, लोहार, कोळी, बायाबापड्या हाताला येईल ते घेऊन राजवाड्यावर धावल्या. जुआंवने खिडकीतून तोंड दाखवलं तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून तो लिस्बनकरांचा झाला. त्याच दिवशी जमावाने शहराच्या बिशपला चर्चच्या मनोऱ्यावरून खाली फेकून दिलं, हेही सांगायला हवं.

पुढच्या वर्षी कास्तिलच्या राजाने लिस्बनला वेढा घातला. मे ते सप्टेंबर. जमिनीकडून सैन्य, पाण्याकडून जहाजं. शहरातलं धान्य संपलं. पूर्वी जिथे गहू विकायला बसत, तिथली माती उकरून लोक दाणे शोधत आणि सापडला की तिथेच तोंडात टाकत. आयांच्या अंगावरचं दूध आटलं. लढाईच्या गोष्टीत हे सहसा नसतं, पण लोपेसने मात्र हे लिहून ठेवलंय, आणि त्याबद्दल त्याला मानायलाच हवं. शेवटी शहर तलवारीने नाही, प्लेगने वाचवलं. बाहेरच्या छावणीत साथ पसरली आणि कास्तिलचा राजा वेढा उठवून गेला.

लिओनोरला तिच्याच जावयाने तोर्देसियासच्या मठात नेऊन ठेवलं. आणि ती दहा वर्षांची नवरी? तिच्या नावावर हे सगळं युद्ध झालं, तिला कुणी काही विचारलं नाही. सतराव्या वर्षी ती विधवा झाली. माहेरी यायची वाटच उरली नव्हती. तिने पुन्हा लग्न केलं नाही. उरलेलं आयुष्य कास्तिलमध्येच गेलं.

१३८५ च्या एप्रिलमध्ये कोइंब्राला सभा भरली. जुआंवच्या बाजूने एका हुशार वकिलाने असा मुद्दा मांडला, की बियात्रिसच्या आईवडिलांचं लग्नच कायदेशीर नव्हतं, आणि इनेस द कास्त्रोच्या मुलांच्या आईवडिलांचं लग्न झाल्याचाही पुरावा नाही. म्हणजे कुणाचाच हक्क नाही, गादी रिकामी आहे, तेव्हा लोकांनीच राजा निवडावा. सगळ्यांना अनौरस ठरवून जो उघडउघड अनौरस होता त्यालाच निवडलं! सव्विसाव्या वर्षी खून करणारा साधू सत्ताविसाव्या वर्षी राजा झाला.

चार महिन्यांनी, १४ ऑगस्टला, अल्जुबारोताच्या माळावर लढाई झाली. पोर्तुगीज सैन्य साधारण साडेसहा हजार, समोरचं कित्येक पटींनी मोठं. पंचवीस वर्षांचा सेनापती नूनो आल्वारेस परेरा याने जागा अशी निवडली, की समोरच्याला चिंचोळ्या वाटेनेच यावं लागेल. मदतीला इंग्लंडचे तिरंदाजही होते. तासाभरात सगळं आटोपलं. याच गावची एक दंतकथा आहे. ब्रितेस द आल्मेदा नावाच्या पाव भाजणाऱ्या बाईच्या भट्टीत सात कास्तिलियन शिपाई लपले होते. तिने पाव काढायच्या लांब दांड्याच्या फावड्याने सातही जणांना तिथेच लोळवलं म्हणे. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण गावात तिचं नाव अजून घेतात.

राज्य तर मिळालं, आता मित्र हवा होता. ९ मे १३८६ रोजी इंग्लंडशी विंडसरचा तह झाला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या राजाचे काका जॉन ऑफ गाँट फौज घेऊन स्पेनच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांची दुसरी बायको कास्तिलची राजकन्या, त्यामुळे त्यांचा कास्तिलच्या गादीवर डोळा. बरोबर मुलीही आणल्या होत्या. दोघांचं जमलं आणि थोरली, फिलिपा, जुआंवला द्यायचं ठरलं. फेब्रुवारी १३८७ मध्ये पोर्तोला लग्न लागलं. नवरा जवळजवळ तीस वर्षांचा, नवरी सव्वीस पूर्ण. त्या काळात राजघराण्यातल्या मुली बारा-तेराव्या वर्षी उजवत, म्हणजे फिलिपा चांगलीच घोडनवरी. त्यातून नवरा व्रतस्थ. पोपची रीतसर परवानगी हातात पडली १३९१ मध्ये, तोवर पदरात मुलंही आली होती.

फिलिपाला सावत्रपण नवं नव्हतं. तिची आई ती आठ वर्षांची असताना गेली. मग सावत्र आई आली, आणि घरात मुलींना सांभाळायला असलेली कॅथरीन स्विनफर्ड ही तर वडिलांचीच प्रेयसी होती. पुढे वडिलांनी तिच्याशी लग्नही केलं. अशा घरात वाढलेली मुलगी डोळे मिटून जगत नाही. लग्नाच्या सुमारास इनेस पिरेस सांतोसच्या मठात गेली आणि तिथली प्रमुख झाली. तिची दोन्ही मुलं मात्र वडिलांजवळ, फिलिपाच्या नजरेखाली मोठी झाली. सवतीच्या मुलीला, बियात्रिसला, फिलिपाने आपल्या माहेरी, इंग्लंडमध्ये अरंडेलच्या अर्लला दिली, १४०५ मध्ये. आफोन्सोचं लग्न सेनापती नूनोच्या एकुलत्या एक मुलीशी झालं. नूनोकडे अर्ध्या देशाची जमीन आहे असं लोक म्हणत. ती सगळी पुढे आफोन्सोच्या घरात आली.

लग्नानंतर जुआंव सुधारला, असं सगळेच म्हणतात. सिंत्राच्या राजवाड्यातली एक गंमत मात्र सांगतेच. राजाला एका दासीचं चुंबन घेताना राणीने पकडलं. तो म्हणाला, मनात वाईट काही नव्हतं. राणी काही बोलली नाही, पण राजवाड्यातल्या बायका महिनोनमहिने बोलत राहिल्या. शेवटी वैतागून राजाने एका दालनाच्या छतावर मॅगपाय नावाचे बडबडे पक्षी रंगवून घेतले, शंभरावर आहेत ते, आणि प्रत्येकाच्या चोचीत तेच शब्द. दालन आजही तिथे आहे. गोष्ट नंतर रचलेली असेल, पण छत खरं आहे.

लहानपणी गेलेली सोडली तर त्यांची सहा मुलं मोठी झाली. दुआर्ते, पेद्रो, एन्रिक, इझाबेल, धाकटा जुआंव आणि शेंडेफळ फर्नांदो. शिकलेली, वाचणारी, लिहिणारी. राजपुत्रांनी शिकार आणि दारू यापलीकडे काही न केलं तरी चालायचं असा तो काळ, त्यामुळे या मुलांचं कौतुक व्हायचं ते व्हायचंच. आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. फिलिपाची सावत्र बहीण कॅथरीन कास्तिलच्या युवराजाला दिली होती. १४११ मध्ये दोन्ही राज्यांत तह झाला, तेव्हा एका गादीजवळ फिलिपा होती आणि दुसरीकडे लहान मुलाच्या नावाने कारभार पाहणारी विधवा कॅथरीन. दोन बहिणींच्या मध्ये सीमा होती, त्या सीमेवर पंचवीस वर्षांची भांडणं होती. ती मिटली.

तह झाला आणि मुलांना लढाईची खुमखुमी आली. राजा म्हणत होता, वर्षभर उत्सव करू, खेळ-स्पर्धा ठेवू आणि तुम्हाला सरदारकीची वस्त्रं देऊ. मुलांना ते लुटुपुटीचं वाटलं. समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या टोकाला सेउता नावाचं मुसलमानांचं श्रीमंत बंदर होतं. त्यावर स्वारी करायचं ठरलं. वर्षानुवर्षं गुपचूप तयारी चालली. याच दिवसांत थोरला दुआर्ते मनाने खचला. बाविशीच्या आसपासचा मुलगा, वडील युद्धाच्या तयारीत, सगळा कारभार त्याच्या अंगावर. कशातच मन लागेना, सारखे मरणाचे विचार. आज आपण ज्याला डिप्रेशन म्हणतो तेच. पुढे राजा झाल्यावर त्याने एका ग्रंथात हे सगळं न लाजता लिहिलं. सहाशे वर्षांपूर्वी एक राजा आपल्या मनाच्या आजाराबद्दल लिहितो, मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे अजूनही घरातल्या घरात बोलत नाहीत.

तो बरा कसा व्हायला लागला, तेही त्याने लिहिलंय. जुलै १४१५ मध्ये लिस्बनच्या परिसरात प्लेग होता आणि फिलिपाला त्याने गाठलं. आईच्या उशाशी बसलेला दुआर्ते स्वतःचं दुःख विसरला. वय पंचावन्न. तिने तीन तलवारी करवून घेतल्या होत्या, मुलांनी त्यांनीच सरदारकी घ्यावी म्हणून. आता त्या तिने अंथरुणावरूनच दिल्या. दुआर्तेला प्रजेला न्याय देण्यासाठी, एन्रिकला सरदार-शिपायांच्या मानासाठी, आणि मधल्या पेद्रोला बायकामुलींच्या रक्षणासाठी. ती गेली आणि आठवडा उलटायच्या आत जहाजं निघाली. सुतकात स्वारी नको असं पुष्कळजण म्हणत होते. २१ ऑगस्टला एका दिवसात सेउता पडलं. अठ्ठावन्न वर्षांच्या जुआंवने मुलांना आईच्या तलवारींनी सरदार केलं.

युरोपाची समुद्रापारची राज्यं इथून सुरू झाली, असं इतिहासकार म्हणतात. पण सेउतातून हाती काय लागलं? व्यापारी दुसरीकडे गेले आणि बंदर राखण्याचा खर्च तेवढा पोर्तुगालच्या माथी बसला.

एकुलत्या एक मुलीचं, इझाबेलचं, लग्न बराच काळ ठरत नव्हतं. बत्तिसाव्या वर्षी बर्गंडीचा ड्यूक फिलिप, दोनदा विधुर झालेला, याच्याकडून मागणी आली. मुलगी पाहायला वकिलांबरोबर यान व्हान आइक आला होता. होय, तोच जगप्रसिद्ध चित्रकार. त्याने तिचं चित्र काढून पाठवलं. आपल्याकडे स्टुडिओत उभं करून फोटो काढायचे ना, तसंच. १४३० च्या जानेवारीत लग्न झालं. तिथे जाऊन तिने नवऱ्याचा पैशाचा व्यवहार, तहाची बोलणी, सगळं हाती घेतलं. आईचीच लेक.

१४ ऑगस्ट १४३३ रोजी जुआंव वारला. अल्जुबारोताच्या विजयाला त्या दिवशी अठ्ठेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती. आणि मग घराची वीण उसवली.

दुआर्ते राजा झाला. एन्रिकला टँजियर जिंकायचं होतं. १४३७ मध्ये तो धाकट्या फर्नांदोला घेऊन गेला आणि सैन्यासकट कोंडला गेला. सेउता परत देतो या बोलीवर सुटका झाली, आणि बोलीची हमी म्हणून फर्नांदोला तिथे ठेवलं. घरी आल्यावर सल्लामसलती सुरू झाल्या. पेद्रो म्हणाला, सेउता देऊन टाका, भाऊ आणा. बाकी बऱ्याचजणांना जिंकलेलं शहर सोडवत नव्हतं, एन्रिकलाही नाही. निर्णय होईपर्यंत दुआर्तेच प्लेगने गेला. फर्नांदो १४४३ मध्ये फेझच्या तुरुंगात मेला. आधी आशा, मग निरोप, मग काहीच नाही, अशी जवळजवळ सहा वर्षं. मागाहून त्याला संत राजपुत्र म्हणू लागले. देवाधर्मासाठी त्याने स्वतःहून बलिदान दिलं, अशी ती कहाणी. सोयीची आहे.

हा एन्रिक म्हणजे आपल्या पुस्तकातला प्रिन्स हेन्री, खलाशांचा पाठीराखा. त्याचीच जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली खाली सरकली. १४४४ च्या ऑगस्टमध्ये त्यातली काही लागोस बंदराला परत आली, ती २३५ माणसं पकडून. मोकळ्या मैदानावर त्यांच्या वाटण्या झाल्या. नवरा एका ढिगात, बायको दुसऱ्यात. आया मुलांना कवटाळून जमिनीवर पडत होत्या, त्यांना ओढून वेगळं करत होते. एन्रिक घोड्यावर बसून पाहत होता. त्याच्या हिश्श्याला ४६ जण आले. हे त्याची स्तुती करणाऱ्या बखरकारानेच लिहिलंय, आणि लिहिताना त्यालाही गहिवरून आलं.

पेद्रोच्या तलवारीचं काय झालं? दुआर्तेने मरताना कारभार आपल्या राणीकडे, आरागॉनच्या लिओनोरकडे सोपवला होता. मुलगा सहा वर्षांचा. परकी बाई म्हणून लोकांना ती नको होती. पेद्रोने कारभार स्वतःकडे घेतला. ती विधवा देश सोडून गेली आणि १४४५ मध्ये तोलेदोला वारली, मुलांपासून लांब. बायकांच्या रक्षणाची तलवार ज्याच्या कमरेला होती, त्यानेच हे केलं. कारभार चांगला चालवला, हेही खरं. त्याने सावत्र भाऊ आफोन्सोला १४४२ मध्ये ब्रागांझाचा ड्यूक केलं. गोड बोलून आपलंसं करावं म्हणून असेल. आफोन्सो आपला झाला नाही. तो तरुण राजाचे कान भरत राहिला. राजा म्हणजे पेद्रोचा पुतण्या, आणि पेद्रोची मुलगी इझाबेल दिली असल्यामुळे जावईही. २० मे १४४९ रोजी आल्फारोबेरा येथे सासऱ्याची आणि जावयाची फौज समोरासमोर आली. पेद्रो बाण लागून मेला. प्रेत काही दिवस तसंच पडून होतं. राणी असलेली त्याची मुलगी राजवाड्यात होती.

बर्गंडीत बातमी पोचली तेव्हा बहीण इझाबेल उठली. तिने वकील पाठवले, भावाला नीट पुरा म्हणून राजाला सुनावलं आणि त्याच्या पोरक्या मुलांपैकी तिघांना स्वतःकडे नेलं. पेद्रोला आईवडिलांजवळ जागा मिळायला १४५५ साल उजाडलं. फर्नांदोच्या अस्थींनी तर त्याहून उशीर केला. १४७१ मध्ये टँजियर पोर्तुगीजांकडे आलं, त्यानंतर त्या फेझहून परत मिळाल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इझाबेल वारली. भावंडांत शेवटची.

जुआंव-फिलिपाचा पणतू मानुएल. त्याच्या अमदानीत १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये गोवा गेलं. औरस वंशाची गादी १५८० मध्ये स्पेनच्या राजाकडे गेली. साठ वर्षांनी पोर्तुगीजांनी ती परत घेतली, तेव्हा गादीवर बसवायला माणूस सापडला तो ब्रागांझाच्या घरात, आफोन्सोचा वंशज. त्याचीच मुलगी कॅथरीन. फिलिपा इंग्लंडहून पोर्तुगालला आली होती, ही उलटी गेली, मुंबई घेऊन.

अल्जुबारोताच्या विजयाचा नवस म्हणून जुआंवने बताल्याला मोठा मठ बांधला. तिथल्या दालनात मध्यभागी दोघं शेजारी झोपलेली आहेत, दगडात, एकमेकांचा हात हातात धरून. भिंतीकडेला चार मुलगे ओळीने, त्यात पेद्रो आणि त्याला वाचवायला न आलेला एन्रिकही. इनेस पिरेसची तिथे नावनिशाणी नाही.